मिड-रेंज डिटेक्टर घेतला की दहा फुटावरचं सोनं दिसतं म्हणे

हा मेसेज तुमच्याकडं पण आला असेलच, आमच्या इकडं परभणी-जालन्याच्या प्रत्येक ग्रुपवर फिरून झालाय आणि आता त्याची रील पण आलीये. म्हणणं असं की तुमचा जुना पाच-सात हजाराचा मेटल डिटेक्टर खेळणं आहे, विकून टाका, मिड-रेंज म्हणजे मधल्या किमतीचं मशीन घ्या, मग खोली डायरेक्ट दहा फूट, सोनं-चांदी-लोखंड स्क्रीनवर वेगवेगळं दाखवतं, मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर चालणारं) असल्यामुळं कोणत्याही मातीत सेटिंगची गरज नाही, कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालची गोल थाळी, जेवढी मोठी तेवढं चांगलं, वॉटरप्रूफ आहे म्हणून विहिरीत-नदीत बिनधास्त चालवा, आणि शेवटी सगळ्यात गोड ओळ, स्वतःच्या शेतात सापडलं ते आपलंच.

मी हे मशीन लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधायला वापरतो, अंगठी, पोत, पाईपलाईनचा बुजलेला वॉल्व्ह, वखराची तुटून पडलेली पास, असलं. साध्या मशीनवरून मिड-रेंजवर जाणं फायद्याचं आहे हे मला मान्यच आहे, पण ते ज्या कारणासाठी फायद्याचं आहे ते कारण ह्या मेसेजमधे नावाला पण नाही, आणि जी कारणं दिलीत त्यातलं एक पण धड नाही. म्हणून एकेक घेतो.

खोलीपासून सुरू करू, कारण मशीन विकलं जातं ते खोलीवर. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे गोल फिरणारी वीज, तयार होतो, त्याचं बारीकसं क्षेत्र परत कॉइलपर्यंत येतं. जाताना ते अंतराच्या तिसऱ्या घातानं कमी होतं आणि येताना परत तिसऱ्या घातानं. म्हणजे लहान वस्तूसाठी ढोबळ हिशोब सहाव्या घाताचा झाला, अंतर दुप्पट केलं की सिग्नल ६४ पट बारीक. १५ सेंटीमीटरवर खणखणीत वाजणारी अंगठी ३० सेंटीमीटरवर ऐकू यायची म्हणलं तर कंपनीनं किती जोर लावावा ते तुम्हीच बघा. म्हणून मशीन दुपटीनं महाग घेतलं तरी खोली दोन-चार बोटांनीच वाढते. रुपयाएवढ्या वस्तूला आपल्या मातीत वीतभर मिळालं तरी मी खूश असतो, त्याच्या खाली नशीब. दहा फुटाचं जे बोलतात ते टू-बॉक्स नावाचं वेगळंच मशीन, दांड्याच्या दोन टोकाला दोन डबे, ते मोठी पेटी किंवा पाईप खोलवर पकडतं खरं, पण तेही दहा फुटाची गॅरंटी नाही, आणि त्याला तुमची अंगठी पायाखाली असली तरी दिसत नाही. आणि ते दोन तारा हातात धरून आपोआप वळणारे 'गोल्ड लोकेटर' विकतात ना, त्यात तर काहीच नसतं, त्याच्यावर लिहायचं म्हणजे टाईप करायचे कष्ट वाया.

आता मातीचं. हाच खरा मुद्दा आहे आणि मेसेजवाल्यानं तो एका ओळीत उडवलाय.

आपला मराठवाडा बहुतेक सगळा बेसाल्टवर बसलाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, आणि त्याच दगडापासून आपली काळी माती झाली. त्या दगडात मॅग्नेटाईट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, असतं. खात्री करायची असेल तर स्पीकरमधला जुना चुंबक घ्या आणि ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा, काळी बारीक कणी मिशीसारखी उभी राहते चुंबकावर. आता हीच कणी अख्ख्या शेतात पसरलेली आहे आणि डिटेक्टरला ती सतत दिसते. साध्या मशीनमधे जमिनीचा हिशोब कंपनीतूनच फिक्स करून येतो, तो हिशोब आपल्या काळीशी जुळेलच असं नाही, मग कॉइल जरा वर उचलली की टूं, खाली टेकली की टूं, बांधावरच्या दगडावरून गेली की टूं टूं, माणूस वैतागून सेन्सिटिव्हिटी (बारीक सिग्नल पकडायची ताकद) खाली आणतो आणि मग राहिलेली खोली पण जाते. लोक म्हणतात मशीन खराब निघालं. मशीन जमिनीवरच वाजत असतं.

मिड-रेंजला पैसे द्यायचे ते ह्यासाठी, ग्राउंड बॅलन्ससाठी, म्हणजे जमिनीचा हिशोब आपल्या मातीशी जुळवून घेण्याच्या सोयीसाठी. जिथं धातू नाही अशी हातभर जागा बघायची, बटन दाबून धरायचं आणि कॉइल गुडघ्यापासून जमिनीच्या जवळ अशी खाली-वर, खाली-वर पंप करायची, आवाज हळूहळू मरत जातो आणि एका क्षणी जमीन गप होते. मग चालायला लागायचं. काळ्या रानातून मुरमाड माळावर आलात की परत करायचं. नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडं खाली ग्रॅनाइट लागतो, तिथं तर इकडचं सेटिंग घेऊन जाऊच नका.

आणि इथंच लोक फसतात, कारण मिड-रेंज म्हणून विकलं जाणारं प्रत्येक मशीन ही सोय देत नाही. गॅरेट कंपनीच्या एस (Ace) ४०० मधे ग्राउंड बॅलन्स फिक्सच आहे, म्हणजे एस २०० वरून तिथं गेलात तर बाकी बरंच मिळेल पण आपल्या मातीचं दुखणं तसंच राहील. नोक्ता कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस एकाच १२ किलोहर्ट्झवर चालतं पण बटन दाबून ग्राउंड बॅलन्स होतो. माइनलॅब कंपनीचं व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं, पण त्यात हातानं ग्राउंड बॅलन्स करायला जागाच ठेवलेली नाही, जे करायचं ते मशीन स्वतः करतं. माइनलॅबच्याच इक्विनॉक्समधे आणि नोक्ताच्या लेजंडमधे दोन्ही आहे, त्यांची किंमतही तशीच चढी.

मल्टी-फ्रिक्वेन्सी शब्दाचं पण जरा बघून घ्या. माइनलॅबच्या एक्स-टेरा प्रो वर ५, ८, १०, १५ किलोहर्ट्झ अशा चार फ्रिक्वेन्सी दिल्यात, पण एका वेळी एकच निवडायची. रीलवाला 'चार फ्रिक्वेन्सीचं मशीन' म्हणून सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं चारही सोबत चालतात. चांगलं मशीन आहे ते, त्याबद्दल तक्रार नाही, पण खरी मल्टी म्हणजे सगळ्या एकदम आणि तिचा उपयोग आपल्याकडं असा की खनिज जास्त असलेल्या मातीत धातूची ओळख जरा कमी भरकटते. सेटिंग तरी करावीच लागते. कोणी म्हणलं गरज नाही तर त्याला एप्रिलमधल्या कापसाच्या मोकळ्या रानात घेऊन या. भेगा पडलेल्या असतात, कॉइल भेगेवरून गेली की खालची माती अचानक लांब जाते आणि मशीनला ती वस्तू वाटते. त्यात हरवलेली वस्तू त्याच भेगेत सरकलेली असते, कधीकधी हातभर खाली, आणि तिथं कोणतंच मशीन पुरत नाही. म्हणून मला विचाराल तर कोणी शेतात काही हरवलं म्हणलं की मी आधी विचारतो भेगा किती आहेत. पाऊस झाल्यावर वापसा आला, एक वखराची पाळी झाली, रान सपाट झालं, की मशीन चालवायला त्याच्यासारखा टाईम नाही.

अजून एक गोष्ट जी परदेशी व्हिडिओत सहसा दिसत नाही, आपली झटका मशीन. रानडुकरं-हरणांसाठी कुंपणाला लावलेली. दर सेकंदाला टक्, टक्, हेडफोनमधे पण टक्, टक्. बोअरची मोटर चालू असली, वरून मोठी लाईन गेली असली तरी हाच ताप. मिड-रेंज मशीनमधे नॉईज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्ट असतं, त्यानं बरंच निभतं, आणि नाही निभलं तर शेजाऱ्याला अर्धा तास झटका बंद करायला सांगणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

आता 'स्क्रीनवर सोनं दाखवतं'. मागच्या कापूस वेचणीत शेजारच्या रानात एका काकूंची पोत तुटून पडली, मी मशीन घेऊन गेलो तर काकूंचा पहिला प्रश्न, "ह्याच्यात सोनं असं लिहून येतं का रे बाबा?" म्हणलं, "नाही काकू, आकडा येतो फक्त, सोन्याचा आणि फॉईलचा सारखाच." आणि खरंच पहिल्या दहा मिनिटांत जे निघालं ते सगळं चंदेरी सील, फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर खाली असतं ना ते, फाडून तिथंच टाकलेलं, चुरगळून मातीत दबलेलं. पातळ ॲल्युमिनियम आणि बारीक सोनं मशीनला जवळपास एकाच जागी दिसतं, कारण मशीन धातूचं नाव वाचत नाही, तो धातू वीज किती आणि कशी वाहू देतो आणि वस्तू केवढी आहे ह्याचा मिळून एक आकडा काढतं. जाड अंगठी वेगळ्या आकड्यावर, नाजूक रिंग वेगळ्या. बारीक कड्यांची साखळी तर जवळजवळ दिसतच नाही कारण मशीनला प्रत्येक कडी सुटी वाटते. काकूंच्या पोतीतल्या दोन वाट्या वाजल्या, मणी आणि तार मग हातानं माती चाळून काढली. म्हणून फॉईलचे आकडे बंद करून फिरणारा माणूस सोनं पण बंद करून फिरत असतो. चांदीचा रुपया आणि मोटर वायंडिंगची तांब्याची तार पण अशीच वरच्या आकड्यांत येतात, हाली शिक्का (निजामाच्या काळातलं चांदीचं नाणं) समजून खोदावं तर जळालेल्या मोटरचा गुंता निघतो. बरं हे आकडे पण कंपनी-कंपनीचे वेगळे, जुन्या इक्विनॉक्सवर पट्टा ४० पर्यंत जातो, सिम्प्लेक्सवर ९९ पर्यंत, तेव्हा रीलमधला 'ह्या आकड्याला सोनं' दुसऱ्या मशीनवर काही कामाचा नाही.

मोठ्या कॉइलचं थोडक्यात. मोठी कॉइल मोठी वस्तू खोलवर पकडते, बरोबर, पण ती तेवढीच जास्त माती पण बघते आणि आपल्या मातीत माती बघणं हीच अडचण आहे. शिवाय पांढरीवर (जुन्या गावठाणाच्या टेकाडावर) किंवा जुन्या वाड्याच्या पडक्या जागेत खिळे, पत्रे, बैलाच्या पत्र्या असं लोखंड एवढं असतं की मोठ्या कॉइलखाली एका वेळी चार वस्तू येतात आणि चांगली वस्तू लोखंडाच्या आवाजात दबते. तिथं आठ-नऊ इंची डीडी कॉइल (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेली) लावा आणि हळू चाला. उरलेल्या पैशात पिनपॉइंटर घ्या, तो हातातला छोटा दांडा, खड्ड्यात घालून नेमकी वस्तू दाखवणारा. काळ्या ढेकळात काळी पडलेली अंगठी डोळ्याला दिसत नाही, पिनपॉइंटर नसेल तर एकेक ढेकूळ कॉइलवरून फिरवत बसावं लागतं.

वॉटरप्रूफ म्हणजे काय ते डब्यावर नीट वाचा. व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. सिम्प्लेक्स प्लस पूर्ण ३ मीटरपर्यंत जातं, पण वायरलेसचा सिग्नल पाण्यातून येत नाही, वायरलेस हेडफोन तिथं शोभेचे. आणि विहिरीत लोखंडी पायऱ्या, फुटव्हॉल्व्ह, पाईप, साखळी, कुठं बघाल तिथं धातू, तिथं हे मशीन नुसतं बोंबलतं. त्यापेक्षा दोरीला चुंबक बांधून सोडा, घाटावरची पोरं तेच करतात, आणि त्यांचं बरोबर आहे, आताची एक-दोनची नाणी स्टेनलेसची असतात, चुंबकाला चिकटतात.

शेवटची ओळ मात्र नुसती चूक नाही, अडकवणारी आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा म्हणतो की जमिनीत दडवलेली दहा रुपयांवर किंमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं, आणि लपवलं तर वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद. मूळ मालक नाहीच निघाला तर शोधणाऱ्याला आणि जमीनवाल्याला वाटा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण ते कळवल्यावर. शंभर वर्षांवरचं नाणं, मूर्ती, भांडं म्हणजे पुरावस्तू, १९७२ च्या कायद्यानं परवान्याशिवाय त्याचा धंदा चालत नाही आणि देशाबाहेर पाठवणं तर बंदच. तेर, पैठण, भोकरदन ही सातवाहनांच्या काळातली गावं, तिथल्या टेकाडांवर आणि कंधार-नळदुर्ग-परांड्याच्या किल्ल्यांत मशीन घेऊन जाणं म्हणजे स्वतःहून पोलिसांना काम देणं. आणि 'गुप्तधन काढून देतो' म्हणून लिंबू-नारळ आणि मशीन दोन्ही घेऊन येणारा कोणी भेटला तर त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात धनाच्या शोधासाठी केलेले अघोरी प्रकार स्पष्ट लिहिलेत.

घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी मशीन आपल्या रानात चालवून बघायला मागा. घरातली अंगठी दोरा बांधून वीतभर मातीत पुरा, बाजूला एक औषधाचं सील पुरा, झटका चालू ठेवा, ग्राउंड बॅलन्स करायला लावा आणि मग ऐका. नामी कंपन्यांचे डुप्लिकेट पण बाजारात फिरतात, सिरीयल नंबर आणि वॉरंटी कंपनीकडून तपासून घ्या.

आणि तो जुना विकायची घाई कशाला? ऊसाला हार्वेस्टर लावायच्या आधी, रोटाव्हेटर घालायच्या आधी रानातली मोठी लोखंडं, फाळ, खुंट्या, सळया काढायला तेच मशीन पोराच्या हातात द्या, त्याला लोखंड छान कळतं. फक्त काम झालं की सेल काढून ठेवा, पावसाळ्यात गळले की कनेक्शन हिरवं होतं आणि मग दुरुस्तीवाला शोधत शहरात फिरावं लागतं.