वाळू सा. आकार रु. १५०/-

समुद्रकाठच्या गावात, समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाकडून वाळूचे पैसे घेतात. परवा सकाळपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. मालवणातल्या एका लॉजच्या काउंटरवर बिल हातात पडलं. वर खोलीभाडं, खाली चहा, आणि त्याच्याही खाली सुवाच्य अक्षरात 'वाळू सा. आकार – १५०'. 'सा.' म्हणजे साफसफाई. मी आधी 'सामान्य' असं वाचलं आणि असामान्य वाळूला किती पडतात, या विचारात दोन मिनिटं गेली.

लॉजचं वर्णन करत बसत नाही. रस्त्याला लागून होता. इतका लागून, की रात्री एसटीनं हॉर्न दिला की नवरा झोपेत एका कुशीला सरकून तिला जागा करून देत होता. खोली नॉन-एसी, अठराशेची. भिंतीवर एसी होता, पण त्याचा रिमोट मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवर उघडायचे आणखी सातशे. म्हणजे रात्रभर आपण घामानं निथळत पडायचं आणि डोक्यावर तो एसी डोळे मिटून बसलेला. नॉन-एसी खोलीत एसी नसावा, एवढी साधी माणुसकी मला अपेक्षित आहे. गरम पाणी सकाळी ६ ते ८. बादली हवी तर काउंटरवर सांगा. खोलीत मासे आणू नयेत. भिंतीला पाय लावू नयेत. ही शेवटची पाटी कुणामुळे लागली असेल, याचा मी बराच वेळ विचार केला.

आणि दारातच मोठी पाटी : 'समुद्रावरून आल्यावर पाय धुऊनच आत यावे.' पाटीखाली नळ. नळाला पाणी नाही. संध्याकाळी तारकर्लीहून आलो तेव्हा मी तो नळ उलटसुलट दोन्हीकडे फिरवून पाहिला. आतून नुसता हवेचा सुस्कारा आला. मॅनेजर म्हणाला, "टाकी भरूक लावलंय म्याडम, येतला पाणी." पाणी इला नाय. आम्ही चपला हातात घेऊन, टाचांवर चालत वर गेलो.

आता मुद्द्याचं. खोलीत गेल्यावर मी पलंगावर बसले, तर चादर करकरली. उशी उचलली, तर तिच्या घडीत वाळू. बाथरूमच्या उंबऱ्याशी वाळू. कपाटात, जिथं आम्ही अजून हातही घातला नव्हता, तिथं वाळू. आमच्या आधी जे कोण उतरले होते, त्यांनी किनारा सोबतच आणला असावा. मी खाली फोन केला. "मुलगो येतलो चादर बदलूक," असं उत्तर आलं. पाणी आणि मुलगो दोघंही एकाच गाडीनं निघालेले असावेत. शेवटी चादर मीच गॅलरीत नेऊन झटकली.

तर हे दीडशे रुपये त्या वाळूचे.

मी म्हटलं, "ही वाळू आमची नाहीये." मॅनेजर म्हणाला, "रूम तुमच्या नावावर आसा." मी म्हटलं, "नळाला पाणी नव्हतं." तो म्हणाला, "पाटी तर होती." यावर काय बोलणार? तेवढ्यात नवऱ्यानं मागून ते वाक्य टाकलंच, जे लग्न झाल्यापासून प्रत्येक काउंटरवर मी ऐकत आले आहे : "जाऊ दे ना, दीडशे रुपयांसाठी कशाला?"

या वाक्यावर महाराष्ट्रातला अर्धा धंदा उभा आहे. पार्किंगवाला, पाण्याची बाटली छापील किमतीच्या वर पाच रुपये लावून देणारा, 'सुट्टे नाहीत' म्हणून चॉकलेट हातावर टेकवणारा, सगळ्यांना पक्कं माहीत असतं की समोरच्या बाईच्या मागे एक नवरा उभा आहे आणि तो आता 'जाऊ दे' म्हणणार आहे. दीड हजार कुणी लाटले तर आपण भांडतो, पोलिसात जातो. म्हणून कुणी दीड हजार मागतच नाही. दीडशेच मागतात.

हिशेब म्हणाल तर तोही लॉजनं चोख केलेला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अठराशेवर पूर्वी २१६ रुपये पडले असते, आता ९०. सरकारनं १२६ रुपये सोडले आणि लॉजनं ते खाली पडायच्या आत वाळूत झेलले, वर चोवीस रुपये कमावले. मी पक्कं बिल मागितलं, तर मॅनेजर जरा अडखळला. "पक्क्यात वाळू येवची नाय," म्हणाला. "वाळू कच्च्यात."

आणि इथं मागून आवाज आला, "किती लावलीया वाळू?"

वळून पाहिलं. कमरेला टॉवेल, अंगात बनियन, गळ्यात सोन्याची साखळी, हातात रिकामी लाल बादली. कोल्हापूरकडचे. आठ वाजून गेले होते आणि गरम पाणी बंद झालं होतं, त्याची तक्रार घेऊन ते उतरले होते. पण 'वाळू' हा शब्द कानावर पडताच त्यांनी बादली खाली ठेवली. ती ज्या पद्धतीनं ठेवली, त्यावरूनच मला कळायला हवं होतं की आता आमची तासाभराची निश्चिंती झाली.

"दीडशे," मी म्हटलं.

"बरासला?" म्हणजे ब्रासला, वाळूच्या मापाला.

"नाही हो. खोलीला."

त्यांनी डोळे बारीक केले. मग मॅनेजरला म्हणाले, "माल दाव."

मॅनेजरला कळेना. "कसलो माल?"

"वाळूचं पैसं घेतोस न्हवं? मग वाळू दाव की. आमी बांधकामातली माणसं. माल बघितल्याबिगर बिल देत न्हाई."

आता आमची खोली झाडायला मुलगो नेमका त्याच वेळी गेला होता. रात्रभर ज्याची वाट पाहिली, तो सुपडी घेऊन जिन्यावरून खाली येत होता. गृहस्थांनी त्याला काउंटरपाशीच अडवलं, सुपडी हातात घेतली, ती उजेडात धरली. त्यातली चिमूट उचलून तळहातावर घेतली. दुसऱ्या हाताच्या बोटानं पसरली. मग घासली. मग कानाजवळ नेऊन पुन्हा घासली. मग, माझ्या डोळ्यांदेखत, जिभेच्या टोकाला लावली.

"खारी हाय," ते म्हणाले.

"समुद्राची आसा ती," मॅनेजर म्हणाला.

"त्येच म्हणतोय. ही बांधकामाला चालत न्हाई. सळई खाऊन टाकती. पाच वरसात स्लॅब खाली. ह्या मालाला आमच्याकडं कुणी फुकट हात लावणार न्हाई, आन तू दीडशे घेतोस?"

मी सांगायचा प्रयत्न केला की आम्हाला ही वाळू विकत घ्यायची नाहीये. पण ते माझं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी काउंटरवरचं पेन उचललं आणि आमच्याच बिलाच्या मागे हिशेब मांडला. बरास म्हणजे शंभर घनफूट. २०२३ साली सरकारनं घरं बांधणाऱ्यांसाठी बरासला सहाशे रुपये दर काढला. ("कुठं मिळाली त्या दरानं, ते इचारू नका वैनी," हे मला, बाजूला.) म्हणजे दीडशे रुपयांत येते पंचवीस घनफूट. "रूम केवढी हाय?" दहा बाय दहा, मॅनेजर पुटपुटला. "मंजे शंभर फुटात पंचवीस. तीन इंच थर. सांगा वैनी, तुमच्या रूमात तीन इंच थर हुता का?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, पलंगावर जवळपास होता.

"तुमी गप बसा," ते म्हणाले. मी त्यांच्या बाजूची साक्षीदार आहे, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. मी नुसती मुद्देमाल होते.

यानंतर त्यांनी सुपडी पुन्हा उचलली आणि खरा तपास सुरू केला. फरशीवर दोन ढीग केले, नखानं. एक पांढुरकी, बारीक. दुसरी जाड, काळपट, शंखांचा चुरा असलेली. "वैनी, कुठं गेला हुता काल?" तारकर्लीला. "आनी कुठं?" कुठंच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीनं गेलो होतो, पण तिथं सगळे दगड. "मग ही बारीक तुमची. ह्यो जाड माल दुसऱ्या साईटचा हाय." त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. "दोन गाड्यांचा माल एका पावतीत दाखवतोस?"

मला आनंदाचं भरतं आलं. चादर झटकून, फोन करून, हात जोडून जे मला रात्रभरात सिद्ध करता आलं नव्हतं, ते या माणसानं बनियनवर सिद्ध केलं. ते शास्त्रीयदृष्ट्या कितपत बरोबर होतं, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

मॅनेजर आता घामाघूम. "मालकान सांगलेला आसा. मी काय करू? झाडूक माणूस लागता, तेका पगार देवचो लागता."

"मग झाडायचं पैसं लिव. वाळूचं कशाला लिवतोस? वाळूचं घेतोस मंजे तू वाळू इकतोस. रॉयल्टी भरलीयास? वाहतुकीचा पास दाव. न्हाई? मंजे इनापरवाना साठा. उद्या तहसीलदार आला तर सुपडीसकट उचलंल तुला." थोडं थांबून, "आन खरं बघाय गेलं तर माल वैनींनी आणून टाकलाय. जाग्यावर डिलिव्हरी. तूच त्यास्नी पैसं द्याय पायजेत."

खुर्चीत पेपर वाचणारे एक आजोबा 'बरोबर आहे' म्हणाले. जिन्यावर दोन कुटुंबं थांबून ऐकत होती. मी मनात हिशेब सुरू केला होता, की दीडशे वाचले तर जाताना खाजं घेऊ. नवरा मोबाइलमध्ये बघत होता. याच्या डोक्यावर तहसीलदार उतरला असता तरी यानं मान वर केली नसती.

इथं एक सांगते, राग येतो म्हणून. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली पनवेलच्या बाजूनं सुरू झालं. येताना त्या पट्ट्यात जी धूळ, जी खडी आमच्या गाडीत, केसांत, नाकात गेली, ती मोजली तर आमच्याकडे चांगला अर्धा ब्रास निघेल. तिचे पैसे आम्हाला कुणी देत नाही. टोल मात्र आपण देतो. म्हणजे धूळ मिळाली तरी आपण द्यायचे आणि वाळू नेली नाही तरी आपणच द्यायचे. असो. असो म्हणायची वेळ आली की समजावं, माणूस हरला.

कारण आम्ही हरलो. झालं असं की मॅनेजर टेबलाखाली वाकला, कुठलंसं बटन दाबलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमचा गीझर चालू केलंय हां. धा मिनिटात गरम पाणी येतला."

गृहस्थांनी लाल बादलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एक न्यायमूर्ती उतरला.

"हे बघा," ते म्हणाले, "त्याचंबी पोट हाय. तुमचंबी बरोबर हाय. ना तुमचं, ना त्याचं. शंभर करून टाका."

"पण दुसऱ्या साईटचा माल?"

"त्यो त्यानं सोसायचा. म्हणून तर पन्नास कमी."

"आणि रॉयल्टी?"

"ते आता कशाला काढताय?" असं म्हणून त्यांनी बादली उचलली. मी त्यांना विचारलं की तुम्हाला किती लावली वाळू. ते दोन खोल्यांत नऊ माणसं होते, किनाऱ्यावर कबड्डी खेळून आलेले, मी गॅलरीतून पाहिलं होतं. "आमाला कुठली वाळू?" ते जिन्यावरून म्हणाले. "आमचं पावसाळ्यापासनं बुकिंग. प्याकेज हाय."

नवऱ्यानं एव्हाना क्यूआर कोड स्कॅन करून पैसे भरून टाकले होते. पूर्ण दीडशे धरून. तडजोड होण्याच्या आधीच. मी म्हटलं, पन्नास परत घे. मॅनेजर म्हणाला, ऑनलाइन आलेले परत जाऊक मालक लागता, मालक कणकवलीक गेलोहा. त्याऐवजी त्यानं कोकम सरबताची एक छोटी बाटली दिली. ती नंतर डिकीत सांडली.

आम्ही निघालो, तर मॅनेजर हसत हसत गाडीपर्यंत आला. त्याच्या हातात दुसरा एक क्यूआर कोड होता, प्लॅस्टिकमध्ये छान बसवलेला. "साहेब, रिव्ह्यू टाका ना. फाय स्टार." मी काच वर केली. माझ्या बाजूची. नवऱ्याची उघडीच होती.

बाजारपेठ सोडल्यावर मी त्याचा मोबाइल पाहिला. पाच तारे. खाली मजकूर : 'स्वच्छ खोली, नम्र स्टाफ, समुद्र जवळ.' मी विचारलं, हे काय आहे? म्हणाला, "बिचारा उन्हात उभा होता गं."

कसालपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. कसालला चहा प्यायचा होता आणि सुट्टे पैसे त्याच्याकडे होते.