टेकडीवरचे 10 टक्के

मामांनी परवा एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "आंबेगावला दोन गुंठे घेऊन ठेवू का?" म्हणून हे लिहिणं आलं. मेसेजचा मथितार्थ असा: पुण्याच्या टेकड्यांवरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण हा मूर्खपणा, तिथे नुसतं वाळकं गवत, 10 टक्के बांधकाम दिलं तरी 90 टक्के हिरवं राहतंच, हिरवाईला शहरात बागा आहेत, आणि जमीनमालक मात्र नागवला गेला.

डोकं फिरतं ते त्या 10 टक्क्यांनी. हे 10 टक्के टेकडीच्या एका कोपऱ्यात नसतात हो, प्रत्येक प्लॉटमध्ये असतात. 10 गुंठ्यांत एक गुंठ्याचं घर. तिथवर गाडी कशी नेणार? 6 मीटर रुंद, 200 मीटर लांब रस्ता म्हणजे 1200 चौरस मीटर, जवळजवळ 12 गुंठे. पाच प्लॉटमध्ये वाटला तरी घराच्या दुपटीहून जास्त जागा रस्त्यानेच खाल्ली. वर उतार कापा, मुरूम खाली लोटा, टाकी बांधा, तारेचं कुंपण घाला. सशा-मुंगसांनी मग जायचं कुठून? बीडीपीचे सुमारे 978 हेक्टर सलग राखण्यात अर्थ आहे; त्याच्या चिंध्या करून बेरीज 90 टक्के दाखवण्यात नाही.

पाण्याचंही तेच. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो टांगेवाला कॉलनीत शिरला, माणसं गेली. ओढ्याचं पात्र खाली आवळलेलं होतं, हे खरंच. पण वरचे उतार सिमेंटचे केले तर पाणी आणखी घाईने उतरणार, एवढं तरी कळायला हवं.

'नुसतं गवत'? टिटवी त्याच उघड्या खडीत अंडी घालते, चंडोलही जमिनीवरच घरटं करतो. उलट जिथे गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) झाडांची दाट लागवड झाली, तिथे गवताला ऊन मिळत नाही. बागांबद्दल काय बोलायचं! चार भिंतींतली हिरवळ ओढ्याचा उगम सांभाळत नाही.

मालकांचं गाऱ्हाणं मात्र निम्मं खरं आहे. 2015 साली सरकारने आरक्षण कायम केलं, मोबदला ठरवला 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा बांधकामाचा हक्क. एवढ्यावर कोण खुशीने जमीन देईल? म्हणून तर गुंठ्यागुंठ्याने विक्री फोफावली. मग मोबदला वाढवून मागा, त्यासाठी भांडा, मीही सही करतो.

आणि मामा, एजंटाने नुसता सातबारा पुढे केला तर घेऊ नका. झोन दाखला मागा, जमिनीवर कुठलं आरक्षण आहे ते त्यात कळतं.