एका क्लिकमध्ये संध्याकाळ होत नाही

फोटोवाल्यांच्या ग्रुपांत सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर वर 'बघ, उगीच गच्चीवर थंडीत मरतोस' असं लिहून. मजकूर छोटा आहे: 'दिवस ते रात्र टाइमलॅप्स अजिबात अवघड नाही. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर, आयएसओ ऑटो, व्हाइट बॅलन्स ऑटो. जेपीजी पुरे, शेवटी व्हिडिओच करायचाय. राहिली लुकलुक, ती डीफ्लिकर एका क्लिकमध्ये काढतो. मॅन्युअल, रॉ, कीफ्रेम ही सगळी क्लास चालवणाऱ्यांची दुकानदारी.'

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले शेकडो फोटो, म्हणजे फ्रेमा, जोडून केलेला व्हिडिओ. लुकलुक म्हणजे त्या फ्रेमांचा उजेड मागेपुढे होणं, आणि डीफ्लिकर म्हणजे ती काढणारं सॉफ्टवेअर. मजकुरातलं एकही वाक्य शंभर टक्के खोटं नाही, म्हणून ते पटतं. मीही २०२२ पर्यंत बऱ्यापैकी असंच करत होतो. म्हणून एकेक घेतो.

आधी ॲपर्चर प्रायॉरिटी. यात ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, आपण ठरवतो; शटर किती वेळ उघडं राहणार आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, हे कॅमेरा मीटर बघून ठरवतो. कॅमेऱ्याचा मीटर संध्याकाळ ओळखत नाही. त्याला फक्त समोरच्या चित्राचा सरासरी उजेड मधल्या करड्यावर आणून ठेवायचा असतो. सोलापुरात सिद्धेश्वराच्या तळ्याकडे तोंड करून कॅमेरा लावा. एखाद्या गाडीचा हेडलाइट फ्रेममध्ये वळला की मीटर म्हणतो उजेड वाढला, आणि ती फ्रेम काळवंडते. गाडी गेली की पुढची फ्रेम परत उजळते. असं पन्नास वेळा झालं की झाली तुमची लुकलुक. पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. सात वाजता आकाश काळं पडलेलं असताना मीटर जीव तोडून ते उजळवत राहतो. शेवटी देवळाचे दिवे फुटतात, म्हणजे नुसते पांढरे डाग उरतात, आभाळ मळकट तपकिरी होतं आणि रात्र ढगाळ दुपारसारखी दिसते. एक्स्पोजर 'बरोबर' आहे, संध्याकाळ मात्र झालीच नाही. रात्रीच्या शेवटच्या फ्रेमा मीटर म्हणतो त्यापेक्षा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड अर्धा किंवा दुप्पट) खालीच ठेवाव्या लागतात, आणि खाली किती यायचं ते बघणाऱ्याने ठरवायचं असतं.

नवे मिररलेस कॅमेरे हे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सफाईने करतात, निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत तर एक्स्पोजर स्मूदिंगची सोयच आहे. स्टेटसला टाकायची दहा सेकंदांची क्लिप असेल तर खुशाल ऑटोवर ठेवा, मी काही बोलणार नाही.

मॅन्युअलमध्ये शूट करणाऱ्यांचीही एक चूक होते, ती इथेच सांगतो. परदेशी व्हिडिओत बघून लोक तीन-चार मिनिटांनी डायलची एक क्लिक फिरवतात, म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. संक्रांतीच्या सुमाराला सव्वासहाच्या आसपास मावळतो, आणि पुढच्या तेवीस-चोवीस मिनिटांत क्षितिजाखाली सहा अंश गेलेला असतो. उत्तर युरोपात उन्हाळ्यात याच टप्प्याला दुप्पट किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. आपल्याकडे त्या तेवीस मिनिटांत उघड्यावरचा उजेड शंभरपटीहून जास्त घटतो, म्हणजे साधारण सात स्टॉप. हिशेब करा: मिनिटाला एक क्लिक. मी आठ सेकंदांच्या इंटरव्हलवर असतो, म्हणजे आठ सेकंदांना एक फ्रेम, तेव्हा दर सात-आठ फ्रेमांनी बोट डायलवर. त्या अर्ध्या तासात चहासुद्धा घेता येत नाही.

याने जो आलेख तयार होतो तो करवतीच्या दातांसारखा असतो. उजेड हळूहळू उतरतो, क्लिक झाली की एकदम वर उडी, परत उतार. बघायला भयानक, पण एडिटिंगला सोन्यासारखा, कारण प्रत्येक उडी किती आहे ते शटर आणि आयएसओच्या आकड्यांत लिहिलेलं असतं. एलआरटाइमलॅप्ससारखं सॉफ्टवेअर ते आकडे वाचतं आणि दोन उड्यांमधल्या फ्रेमांना थोडं थोडं एक्स्पोजर देत-घेत दात घासून टाकतं. एक बारीक खोच राहते. १/६० वरून १/५० वर गेलात की कॅमेरा एक तृतीयांश स्टॉप सरकतो, पण या लिहिलेल्या आकड्यांचं गणित एक चतुर्थांशाच्या जवळ येतं, कारण ते आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत. ही अशी उरलेली किंचितशी थरथर काढायला डीफ्लिकर आहे. त्याचं खरं काम एवढंच.

आता ऑटो व्हाइट बॅलन्स. व्हाइट बॅलन्स म्हणजे कुठला रंग पांढरा धरायचा ते; ऑटोत ते कॅमेरा दर फ्रेमला नव्याने ठरवतो. इथे मला राग आवरावा लागतो, कारण यात माझंच नुकसान झालंय.

डिसेंबर २०२२. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, गळीत हंगाम चालू, वरून पांढरट धूर. ओळखीच्या एकांच्या गच्चीवरून मी दुपारी साडेचारपासून रात्री साडेसातपर्यंत घेतलं. जेपीजी, ऑटो व्हाइट बॅलन्स. त्या वेळी मला ते हुशारीचं वाटलं होतं, कार्ड लहान होतं. घरी येऊन चालवलं. मावळतीला धूर केशरी व्हायला लागला, तर कॅमेऱ्याने तो केशरी 'चुकीचा' समजून निळा ओतला. चार फ्रेमांनी आवारातले दिवे लागले, तेव्हा उलटा अंदाज. धूर गुलाबी, निळसर, परत गुलाबी. गच्चीवाल्या काकांना मोबाइलवर दाखवलं, तर ते म्हणाले, 'ही चिमणी रंग बदललालीय का ओ?' बाकी चित्रात ते फार कळत नाही. पांढऱ्यात कळतं: धूर, वाफ, देवळाची भिंत, धोतर. प्रत्येक फ्रेमला हाताने रंग लावून बघितला, दोन रविवार घालवले. गुलाबी गेला तर आकाश हिरवट झालं.

आणि जून २०२३ मध्ये ती चिमणी पाडली. दुसऱ्यांदा जाऊन घेऊ म्हणायची सोयच उरली नाही. त्या साडेतेराशे फ्रेमा हार्ड डिस्कवर तशाच पडून आहेत.

रॉ असती तर? रॉ म्हणजे सेन्सरकडून आलेला कच्चा माल, जेपीजी म्हणजे कॅमेऱ्यानेच रंग लावून आवळलेली फाइल. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती चिठ्ठी असते, फाइलीला टाचलेली. ती फाडून दुसरी लावता येते, आतला माल तोच राहतो. जेपीजीत रंग सुतात गेलेला असतो. आपल्या चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग विणतात. विणलेल्या मोराचा रंग नंतर बदलून द्या म्हटलं तर विणकर हसेल. तेच इथे.

यावर मजकुराचे समर्थक म्हणतात, मग रॉ घ्या आणि सगळ्या फ्रेमांना एकच व्हाइट बॅलन्स लावा. हे ऑटोपेक्षा हजारपट बरं, लुकलुक तरी जाते. पण ५५०० केल्विनवर (केल्विन हे व्हाइट बॅलन्सचं माप) दुपार छान दिसते आणि रात्रीचे दिवे हळद ओतल्यासारखे. ३५०० वर रात्र देखणी आणि दुपार निळीशार, आजारी. एकीकडून दुसरीकडे सरकावंच लागतं.

सरकायचं कसं, हा खरा प्रश्न. लोक दोन टोकांना दोन कीफ्रेम, म्हणजे हाताने आकडे लावलेल्या फ्रेमा, ठेवतात आणि मधलं सॉफ्टवेअरवर सोडतात. केल्विनचे आकडे समान अंतराने उतरले, तरी डोळ्याला तो उतार समान दिसत नाही. ६५०० वरून ६००० वर आलात तर कुणाला कळणारही नाही. ३५०० वरून ३००० वर आलात तर चित्र उठून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं वाटतं. यासाठी मायरेड नावाचं माप आहे: दहा लाखांना केल्विनने भागायचं. ५५०० चे १८२ होतात, ३५०० चे २८६. यांचा मध्य २३४, म्हणजे परत केल्विनमध्ये सुमारे ४२७०. सॉफ्टवेअर सरळ रेषेने मध्य काढेल तो ४५००. त्यामुळे पहिल्या अर्ध्या वाटेत रंग हळू सरकतो आणि शेवटी घाईने पिवळा झटकतो. उपाय अगदी साधा आहे: मधोमध तिसरी कीफ्रेम हाताने ४२७० च्या आसपास लावा. मी आणखी दोन लावतो, पण ती माझी खोड.

वेळही महत्त्वाची. सूर्य मावळला म्हणून लगेच केल्विन उतरवायला सुरुवात केली की संध्याकाळचा निळा अकाली गडद होतो, भडक दिसतो. मी साडेसहापर्यंत दिवसाचाच आकडा धरून ठेवतो. देवळाच्या भिंतीवर आभाळापेक्षा दिव्याचा उजेड जास्त दिसायला लागला, की तिथून पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत खाली. आणि जुन्या सोडियमच्या दिव्याला पांढरं करायच्या नादी लागू नये. त्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच, तो स्लायडरने आणणार कुठून? पिवळा राहू द्या, तो रस्ता तसाच दिसतो.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत ऑटोची आणखी एक गंमत होते. होम मैदानावरच्या उंच पाळण्याचे दिवे दर दोन सेकंदांनी लाल, हिरवे, जांभळे होतात, आणि बिचारा ऑटो प्रत्येकाची समजूत काढत बसतो. किल्ल्याची भिंत पाळण्याबरोबर रंग बदलते.

'जेपीजी पुरे, शेवटी व्हिडिओच करायचाय' याचं बरंचसं उत्तर वर आलंच. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, चौदा बिटच्या रॉत १६,३८४. व्हिडिओ शेवटी आठ बिटचा होतो हे खरं, पण मध्ये आपण फ्रेम दोन-दोन स्टॉप वरखाली ओढणार असतो. कमी पायऱ्या ताणल्या की मावळतीच्या आकाशात पट्टे उमटतात. रॉ महाग पडते, नाही म्हणत नाही: दीड तासाच्या ६७५ फ्रेमा म्हणजे सतरा-वीस जीबी. त्यातून व्हिडिओ निघतो सत्तावीस सेकंदांचा.

उरला डीफ्लिकर. हे यंत्र प्रत्येक फ्रेमचा सरासरी उजेड मोजतं, आजूबाजूच्या फ्रेमांशी ताडतं आणि जी वेगळी तिला ओळीत आणतं. वेगळी का आहे, हे ते विचारत नाही. शोभेच्या दारूकामाच्या रात्री मी ते पूर्ण चित्रावर चालवलं होतं. आभाळात मोठं फूल फुटलं की त्या फ्रेमचा सरासरी उजेड वाढायचा, यंत्र ती दाबायचं, आणि खाली देवळाचं उजळलेलं शिखर विझायचं. फूल मावळलं की शिखर परत पेटायचं. दारूकाम फिकं आणि शिखर लुकलुकतं. जिथे काही हलतच नव्हतं तिथे लुकलुक मी पैसे देऊन विकत घेतली.

तेव्हापासून डीफ्लिकरला मी मोजायची जागा दाखवून देतो: किल्ल्याच्या तटाचा एक चौकोन, जिथे ना गाडी येते ना फूल फुटतं. ताकद कमीतली कमी, आणि चालवायचं सगळ्यात शेवटी, कीफ्रेम पक्क्या झाल्यावर. आधी चालवलं तर ते तुमच्या संध्याकाळीचा उतारच लुकलुक समजून सपाट करायला बघतं. फुटलेला दिवा तर कुठलंच डीफ्लिकर परत आणत नाही, तिथे माहितीच शिल्लक नसते.

कधीकधी लुकलुक आपणच घालतो. एडिटिंगमधले हायलाइट्स, शॅडोज, क्लॅरिटी हे स्लायडर प्रत्येक चित्र बघून आपलं काम थोडं बदलतात. सगळ्या फ्रेमांना अगदी तोच आकडा दिला तरी परिणाम फ्रेमागणिक किंचित हलतो. ते जपून वापरा, जमेल तेवढं काम साध्या एक्स्पोजर आणि कर्व्हवर भागवा. ऑटो टोनला तर हातच लावू नका.

एकदा शूटच्या मधोमध भागातली वीज गेली, नऊ-दहा फ्रेमा. ते 'दुरुस्त' कर असं मला सुचवलं गेलं. का करू? वीज गेली होती, व्हिडिओतही जाऊ दे.

दुकानदारीचं म्हणाल तर मी क्लास चालवत नाही, लग्नाचे अल्बम करतो. पाच-सहा कीफ्रेम लावायला तास लागतो, रेंडर रात्री लावून झोपायचं.

त्या तिघांपैकी ज्याने थंडीत मरण्याबद्दल लिहिलं होतं, त्याने परवा त्याची तळ्याची क्लिप पाठवली आणि विचारलं, एकविसाव्या सेकंदाला शिखर मध्येच का विझतं? रॉ फाइली आहेत का, असं मी उलट विचारलंय. निळी टिक आलीय, उत्तर अजून नाही.