शटर काउंटला भागून कॅमेऱ्याची किंमत निघत नाही

जुना कॅमेरा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या फोनवर हल्ली एक हिशेब आधीच येऊन पोचलेला असतो. शटर काउंट, म्हणजे सेन्सरसमोरचा पडदा (शटर) आजवर किती वेळा उघडला तो आकडा, विचारा, कंपनीने सांगितलेल्या शटरच्या आयुष्याने त्याला भागा, जितके टक्के वापर झाला तितके नव्या किमतीतून वजा करा. उरली ती योग्य किंमत. सोबत तीन पुस्त्या जोडलेल्या असतात: काउंट कमी तर कॅमेरा नव्यासारखा, काउंट खोटं बोलत नाही, आणि लाखाच्या पुढे गेलेला कॅमेरा भंगार. पहिला कॅमेरा घेणारी मुलं साठवलेले पैसे या हिशेबावर लावतात, म्हणून हे लिहितोय.

आधी भागाकारच बघू. निकॉन डी७५० हा २०१४ चा कॅमेरा, शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंतची. एखाद्याकडे तो ५,००० क्लिकवर पडून असेल तर वापर जेमतेम ३ टक्के. मग आज मूळ किमतीच्या ९७ टक्के मोजायचे? कोणीही मोजणार नाही. २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ हे आरशाशिवायच्या कॅमेऱ्यांसाठीचे माउंट (लेन्स बसवायचे खाचे) आणले, नव्या लेन्स तिकडे निघू लागल्या, आणि जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडींचे, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांचे, भाव क्लिकशी काही संबंध नसताना उतरले. निकॉन झेड९ मध्ये तर यांत्रिक शटरच नाही. तिथे भागणार कशाने?

कमी काउंट म्हणजे नव्यासारखा, ही पुस्ती सगळ्यात महागात पडते. मला पडली आहे. किनाऱ्याजवळच्या एका घरातून मी ६,००० क्लिकची बॉडी आणि सोबत मिळणारी साधी किट लेन्स घेतली होती. वापर कमी झाला होता कारण कॅमेरा तीन पावसाळे चामड्याच्या बॅगेत, कपाटात बंद होता. घरी येऊन लेन्समागून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे: फंगस. ग्रिपचं रबर चिकट झालेलं. कारागिराने फंगस साफ केलं, पण त्याने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं ते परत आलं नाही. उजेडासमोर धरून काढलेला प्रत्येक फोटो पांढुरका येतो. आपल्या दमट हवेत महिन्यातून चार वेळा उन्हात फिरणारा कॅमेरा कपाटातल्यापेक्षा चांगला राहतो. लेन्सच्या आत धुळीचे दोन-चार कण मात्र दिसले तर घाबरू नका, फोटोत ते उमटत नाहीत.

दुसरा फसवा कमी काउंट लग्नसराईतला. व्हिडिओ सुरू केला की शटर एकदा उघडतं आणि क्लिप संपेपर्यंत उघडंच राहतं. हळदीपासून वरातीपर्यंत राबलेल्या कॅमेऱ्याचा काउंट १२,००० असू शकतो, पण प्रकाश टिपणारा सेन्सर शेकडो तास तापलेला असतो. एलईडी स्क्रीनला जोडून जोडून एचडीएमआयचं तोंड सैल झालेलं असतं. तिथे केबल लावून हलवून बघा.

काउंट खोटं बोलत नाही? निकॉनच्या डीएसएलआरमध्ये तो फोटोच्या फाइलमध्ये सापडतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये फाइलमध्ये नसतो, कॅमेरा संगणकाला जोडावा लागतो. शटर बदललं की आकडा अनेकदा शून्यावरून सुरू होतो. डी६०० च्या सेन्सरवर डाग पडायचे म्हणून निकॉनने २०१४ मध्ये वॉरंटी संपलेल्यांचीही शटर फुकट बदलून दिली. अशा बॉडीचा कमी आकडा उलट चांगली खूण ठरू शकतो. विक्रेत्याने पाठवलेला स्क्रीनशॉट मानू नका. स्वतःचं कार्ड घालून फोटो काढा आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर बिलाशी ताडा.

लाखाच्या पुढचं भंगार, हे तर साफ चूक. कंपनीचा आकडा चाचणीचा असतो, तो गाठला त्या दिवशी कॅमेरा बंद पडत नाही. निकॉन डी५ ची चाचणीच ४ लाखांची आहे. पक्षी टिपणारा माणूस खंड्याने पाण्यात मारलेल्या एका सुरासाठी सेकंदाला दहा फ्रेम सोडतो. त्याचा काउंट झपाट्याने वाढतो, आणि सामान बहुतेकदा जपलेलं असतं. शटर गेलंच तर बदलता येतं, त्या खर्चाचा अंदाज आधी विचारून तेवढा भाव कमी करायचा.

मी वीस मिनिटं घेतो. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, ऑटोफोकस बंद करून, पांढऱ्या भिंतीचा धूसर फोटो: सेन्सरवरचे डाग दिसतात. मग १/४००० सेकंदावर एक: फ्रेमची एक कड काळपट आली तर शटरचा पडदा मागे पडतोय. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर बॉडी उघडलेली आहे, का ते विचारायचं. भावासाठी जाहिरातीत मागितलेला आकडा धरत नाही. मुंबईत बोरा बाजारातल्या दोन दुकानांत तेच मॉडेल ते कितीला घेतात आणि कितीला विकतात, दोन्ही विचारतो. थेट मालकाकडून घेताना माझा भाव त्या दोहोंच्या मध्ये, आणि त्यातून अस्सल बॅटरी नसेल तर तिचे पैसे वजा.