नाशिक ते नागपूर विमान पस्तीस मिनिटांत पोहोचत नाही

गेल्या रविवारी माझ्या मोठ्या मामांनी घरच्या व्हॉट्सअॅप गटात एक संदेश टाकला आणि त्याच्याच भरवशावर नागपूरच्या साखरपुड्याला जाण्याचा बेतही आखला. संदेशाचे म्हणणे असे: नाशिक–नागपूर हवाई अंतर 701 किलोमीटर आहे, विमान ते 35 मिनिटांत कापते, पण कंपन्या मुद्दाम दीड तास लिहितात, पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्याने नागपूर पुढे सरकते, म्हणून जाताना वेळ जास्त आणि परतताना कमी लागतो, आणि ओझरचा विमानतळ लहान असल्याने उड्डाणाआधी वीस मिनिटे पोहोचले तरी पुरते. शिकल्यासवरलेल्या माणसांनी हे न पडताळता पुढे ढकलावे, याचा मला संताप आला.

701 हा आकडा समृद्धी महामार्गाचा आहे, आणि तोही मुंबई ते नागपूर असा. ओझर विमानतळ साधारण 20.12 उत्तर अक्षांश आणि 73.91 पूर्व रेखांशावर आहे, तर नागपूरचा 21.09 आणि 79.05 वर. यावरून सरळ हवाई अंतर सुमारे 545 किलोमीटर येते. शिवाय 701 किलोमीटर 35 मिनिटांत म्हणजे ताशी 1,200 किलोमीटर, जवळजवळ ध्वनीचा वेग. एवढा विचारही लिहिणाऱ्याने केलेला नाही.

अशा प्रादेशिक मार्गांवर बहुधा एटीआर 72 हे पंख्याचे विमान असते. उत्पादक कंपनीने 72-600 या प्रकाराचा कमाल उड्डाणवेग 275 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 510 किलोमीटर, दिलेला आहे. धावपट्टी सोडताच हा वेग मिळाला असे मानले, तरी 545 किलोमीटरला एक तास चार मिनिटे लागतात. त्यात चढण्याचा, उतरण्याचा आणि दोन्हीकडे जमिनीवर विमान चालवण्याचा वेळ मिळवला की दीड तास सहज होतो. वेळापत्रकात कंपन्या काही मिनिटे राखून ठेवतात, हे मात्र मान्य करावे लागेल. पण ती काही मिनिटेच.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा तर सर्वांत अजब आहे. नाशिकच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,570 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. विमान त्या गतीत सामील नसते, तर ताशी 510 किलोमीटरने निघालेल्या विमानाला नागपूर कधीच गाठता आले नसते आणि परतीचा प्रवास सोळा मिनिटांत संपला असता. पंचवटी एक्सप्रेसच्या डब्यात वर उडवलेला चेंडू मागच्या बाकावर न पडता हातातच येतो, कारण तो गाडीच्या गतीने चाललेला असतो. तसेच विमान आणि भोवतालची हवा पृथ्वीबरोबर फिरत असते. जाण्या-येण्याच्या वेळांत फरक पडतो हे खरे, परंतु तो वाऱ्यामुळे; हिवाळ्यात मध्य भारतावर उंचावर वारा बहुतांशी पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे तेव्हा नागपूरला जाताना वेळ वाचतो. संदेशाने दिशाही उलटी सांगितली आहे.

वीस मिनिटांच्या सल्ल्याने मात्र थेट नुकसान होईल. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन काउंटर साधारणपणे 60 मिनिटे आधी बंद होतात, मग विमानतळ कितीही लहान असो. मामा गंगापूर रोडवरून उड्डाणाच्या तासभर आधी निघणार होते. म्हणजे त्यांची टॅक्सी दारातून हलली, त्याच वेळी ओझरला काउंटर बंद झाले असते.