अर्धा र आणि पूर्ण कुटुंब

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याने सोसायटीत ते कुणाला कळू देऊ नये. आमच्या हिने भिशीत सांगितलं आणि तेव्हापासून सोसायटीच्या ऑफिसातला संगणक मला आंदण मिळालाय.

त्यावर मेंटेनन्सची बिलं आणि नोटिसा काढायचा एक प्रोग्रॅम आहे. सेक्रेटरीकाका म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक. ते नोटीस मोबाइलवर लिहितात आणि मग प्रोग्रॅममध्ये चिकटवतात. हल्ली इमोजीशिवाय त्यांची नोटीस पुरी होत नाही. 'पाणी जपून वापरा'पुढे जोडलेल्या हातांच्या जागी रिकामा चौकोन आला. "अरे, मी हात जोडले आणि यानं डबा दाखवला!"

रंगीत इमोजींचा फॉन्टच नव्हता. तो मी टाकला. प्रोग्रॅम प्रत्येक अक्षर फॉन्टच्या यादीत वरून खाली शोधत जातो. खजिनदारांनी उत्साहाच्या भरात हा फॉन्ट त्या यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवला. चौकटीतल्या आकड्यांच्या इमोजींसाठी अशा फॉन्टच्या पोटात 0 ते 9 हे साधे आकडेही असतात. बिलावरचे सगळे आकडे तिथूनच येऊ लागले आणि एकमेकांपासून फटकून उभे राहिले. थकबाकी लांबलीय हे आधीच ठाऊक होतं, आता ती दिसायलाही लागली. फॉन्ट तळाला नेला.

मग लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत काळं हृदय उमटलं. हे चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, निदान 1993 पासून आहे, इमोजींच्या कितीतरी आधीचं. त्याच्या मागे एक अदृश्य चिन्ह लागलं तरच ते लाल होतं. आमचा प्रोग्रॅम मजकूर चिकटवताना अदृश्य ते सगळं 'कचरा' म्हणून झाडून टाकतो. चौथ्या मजल्यावरून घाबरलेला फोन आला, "आमच्याबद्दल काही कानावर आलंय का?"

कुटुंबाच्या इमोजीत आई, वडील आणि दोन मुलं यांना अशाच एका अदृश्य सांध्याने जोडलेलं असतं. तोही झाडला गेल्याने चौघं ओळीत सुटी उभी राहिली, पासपोर्टच्या फोटोला आल्यासारखी.

यावर काका शांत होते. पण तोच सांधा काहींच्या मराठी टायपिंगमध्ये आडव्या अर्ध्या र साठीही लागतो. काकांचा मोबाइल त्यातलाच. तेवढ्यात त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली: 'कचर्याची गाडी सकाळी येईल.'

काका खुर्चीतून उठलेच. मी म्हटलं, "काका, झाडलोट बंद केली की कुटुंबही जुळेल आणि र सुद्धा."

"कुटुंबाचं नंतर बघ रे," ते म्हणाले, "र आधी!"