गटार आपल्या गेटच्या आतूनच सुरू होतं

पावसाळा लागला की बेळगावातून उद्यमबागेतल्या, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, तुंबलेल्या रस्त्यांचे व्हिडिओ मला इथे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये येतात आणि खाली वाद एकच, महापालिका झोपलीय का. तिकडे शहापूर-वडगाव शिवारातले शेतकरी ओरडतायत की बळ्ळारी नाला साफ करा, भात कुजतंय, आणि ते शंभर टक्के बरोबर आहेत, नाला उपसणं सरकारचंच काम. पण नाल्यात गाळ येतो कुठून हे कुणीच विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी वूस्टरला एका मशीन शॉपमध्ये आहे. आमच्या आवारात पावसाच्या पाण्याला जाळीचे खड्डे आहेत, तळाशी गाळ बसायला जागा सोडलेली. कारखान्याला पावसाचं पाणी बाहेर सोडायला जे परमिट लागतं त्यातच लिहिलंय, ती जागा दोन तृतीयांश भरली की उपसायचं, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या निदान सहा इंच खाली गाळ राहिला पाहिजे. शिवाय दर तीन महिन्यांनी पाऊस आला की पहिल्या अर्ध्या तासात बाहेर पडणारं पाणी पारदर्शक बाटलीत धरायचं, उजेडात बघायचं, रंग कसा, वास येतो का, वर तेलाचा तवंग आहे का, आणि सगळं लिहून ठेवायचं. एकदा तवंग दिसला, माग काढत गेलो तर लेथवर निघणाऱ्या धातूच्या चिप्सचा डबा उघड्यावर होता आणि त्यातलं कूलंट (धातू कापताना वर सोडतात ते तेलकट पाणी) निथळून थेट जाळीत चाललेलं. डब्यावर पत्रा टाकला, तवंग बंद.

इथली माणसं काही जन्मतः शहाणी नाहीत. पाण्याच्या प्रदूषणावरचा इथला कायदा, क्लीन वॉटर ॲक्ट, १९७२ चा, पण कारखान्यांच्या पावसाच्या पाण्याला परमिट आलं ते १९८७ च्या दुरुस्तीमुळे, म्हणजे इथेही कायद्याचा बडगा लागलाच.

आता इथलं सगळं उचलून तिकडे चालणार नाही. वूस्टरला बर्फ धरून वर्षाचा जेवढा पाऊस होतो जवळपास तेवढाच बेळगावला होतो, फक्त इथे तो बारा महिन्यांत वाटून येतो आणि आपल्याकडे बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. तीन महिन्यांनी एकदा बघून आपलं भागणार नाही, मे मध्ये एकदा पूर्ण उपसा आणि मग मृगापासून दर आठवड्याला जाळी बघायलाच पाहिजे. गाळ ओढून घेणारी व्हॅक्यूमची गाडी परवडत नसेल तर उघड्या गटाराला फावडं आणि दोन माणसं पुरतात (बंद चेंबरमध्ये मात्र माणूस उतरवायचा नाही, कधीच नाही). आणि काढलेला गाळ काठावर ठेवू नका हो, पुढच्या सरीत तोच परत आत जातो.

उद्यमबागेत फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या साच्यांची, जळालेली काळी वाळू कंपाउंडला टेकून ढिगाने पडलेली असते, गेटसमोर ट्रक वळावा म्हणून गटारावर काँक्रीट ओतलेलं, झाकण उघडायला जागाच नाही, मग महापालिकेचा माणूस आला तरी करणार काय? जॉबवर्कवर चालणाऱ्या लहान कारखानदाराला एकेक रुपया जड आहे हे मला ठाऊक आहे, पण वाळूवर ताडपत्री आणि गटारावर सुटी झाकणं यात काही दिवाळं निघत नाही.

माझ्या ओळखीच्या फाउंड्रीवाल्यांना मी फोनवर हेच सांगतोय, येत्या मे मध्ये गेटसमोरचा स्लॅब फोडून घ्या, आणि नाल्याचं निवेदन घेऊन महापालिकेत जाल तेव्हा शिवारातल्या शेतकऱ्यांनाही सोबत न्या.